फ्लेन्सबुर्ग सरकार

नाझी जर्मनीचे शेवटचे सरकार. डेन्मार्कच्या सीमेलगतच्या फ्लेन्सबुर्ग शहरातील म्युर्विकच्या नौदल अकादमीत मे १९४५ मध्ये जेमतेम तीन आठवडे ते टिकले.

हिटलरने २९ एप्रिलच्या मृत्युपत्रात नौदलप्रमुख कार्ल ड्योनिट्सला राष्ट्राध्यक्ष नेमले. जर्मनीच्या १९१९ च्या वायमार राज्यघटनेनुसार राष्ट्राध्यक्ष लोकांनी निवडायचा असे. तेव्हा या नेमणुकीला घटनेचा आधार नव्हता. चॅन्सेलर (सरकारचा प्रमुख) म्हणून नेमलेल्या प्रचारमंत्री गोबेल्सने १ मे रोजी आत्महत्या केली. अर्थमंत्री श्वेरीन फॉन क्रोसिकने चॅन्सेलर हे नाव न घेता प्रमुख मंत्री म्हणून काम पाहिले. उद्योग व उत्पादन खाते आल्बर्ट श्पेअरकडे, अन्न व शेती खाते हर्बर्ट बाकेकडे होते. एसएस या नाझी संघटनेचा प्रमुख हिमलर याला ६ मे रोजी दूर केले गेले.

या सरकारच्या हाती खरी वस्तू एकच उरली होती : वेळ. पश्चिमेकडे तुकड्यातुकड्याने शरण जायचे आणि तेवढ्यात पूर्वेकडचे सैनिक व निर्वासित बाल्टिक समुद्रातून हलवायचे, असा ड्योनिट्सचा डाव होता. ४ मे रोजी ल्यूनेबुर्गच्या माळावर ब्रिटिश सेनापती माँटगोमेरीपुढे तो साधला : वायव्य जर्मनी, डेन्मार्क व नेदरलँड्समधील फौजांनी शस्त्रे ठेवली. फ्रान्समधील रॅन्स (Reims) शहरात मात्र दोस्तांचा सरसेनापती आयझेनहॉवर बधला नाही. सर्व आघाड्यांवर एकदम शरणागती द्या, नाहीतर पश्चिमेकडे येणाऱ्यांना वाट बंद, असे त्याने बजावले. ७ मेच्या पहाटे २ वाजून ४१ मिनिटांनी जर्मन सेनाधिकारी योडलने सही केली. अंमल ८ मेच्या रात्री ११:०१ पासून. मधले सुमारे दोन दिवस हीच ड्योनिट्सच्या पदरात पडलेली सवलत. सोव्हिएत आक्षेपामुळे बर्लिनमधील कार्ल्सहोर्स्ट येथे जर्मन सेनादलांच्या सर्वोच्च मुख्यालयाचा प्रमुख कायटेल याला पुन्हा सही करावी लागली.

दोन्ही सह्या लष्करी सत्तेच्या होत्या, सरकारच्या नव्हेत. त्यामुळे मान्यता न देताही दोस्तांना ड्योनिट्सचा उपयोग करून घेता आला.

पुढचे दोन आठवडे रोज सकाळी दहाला मंत्रिमंडळाची बैठक भरे, राज्य करायला मात्र मुलूख उरला नव्हता. शिस्तीचा बडगा तेवढा शाबूत होता : युद्ध संपल्यावर, १० मे रोजी, पळून गेल्याबद्दल तीन खलाशांना गेल्टिंगच्या उपसागरात गोळ्या घालण्यात आल्या.

२३ मे रोजी दोस्तांकडून ड्योनिट्स, योडल व नवा नौदलप्रमुख फ्रीडेबुर्ग यांना ‘पाट्रिया’ जहाजावर बोलावून अटकेचा हुकूम ऐकवण्यात आला. फ्रीडेबुर्गने त्याच दिवशी विष घेतले. ५ जूनच्या बर्लिन जाहीरनाम्यात दोस्तांनी सर्वोच्च सत्ता स्वतःकडे घेतली. जबाबदारी पेलू शकेल असे केंद्रीय सरकार जर्मनीत नाही, असेच त्यात नमूद होते.