प्रतिबंधात्मक युद्ध

प्रतिबंधात्मक युद्ध : शेजारचे राष्ट्र आज चालून आलेले नाही, त्याने सैन्याची जुळवाजुळवही केलेली नाही, पण आणखी काही वर्षांत ते इतके बलाढ्य होईल की मग त्याला आवरणे हाताबाहेर जाईल, अशा हिशेबाने त्याच्यावर आजच केलेली चढाई. आगाऊ हल्ल्याशी याची नेहमी गल्लत होते. शत्रूचे सैन्य सीमेवर उभे ठाकले आहे, हुकूम सुटायचाच काय तो अवकाश आहे, अशा घटकेला पहिला वार आपण करणे हा आगाऊ हल्ला होय. दोन्हींत भीती आहे. पण आगाऊ हल्ल्यातील भीती डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टीची असते, तर प्रतिबंधात्मक युद्धातील भीती अंदाजाची असते. शेजारी देशावर असे आक्रमण समर्थनीय ठरू शकते काय, या प्रश्नाचे बहुतेक उत्तर याच फरकात आहे.

विदर्भातील खेड्यांत हा युक्तिवाद वेगळ्या रूपात ओळखीचा आहे. दोन वावरांमधल्या बांधाला येथे धुरा म्हणतात आणि मृगाच्या तोंडावर वखरणी सुरू झाली की धुऱ्यावरची भांडणे उकरून निघतात. शेजारी दरसाल एखादा तास, म्हणजे औताची एक ओळ, धुरा कोरतो. बोरीचे झाड काल धुऱ्याच्या मधोमध होते, ते आज त्याच्या काठावर आलेले दिसते. मग ‘आज धुरा कोरून रायला, उद्या वावर घेईन’ असे म्हणून कोणी काठी काढायला निघाला, तर पारावरचा म्हातारा एवढेच विचारतो, ‘मंग मोजणी काहून नाही आणत?’ कायद्याची भूमिकाही याहून फार निराळी नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ४० प्रमाणे जिवाला धोका असल्याची वाजवी भीती निर्माण होताच स्वसंरक्षणाचा हक्क सुरू होतो, प्रत्यक्ष वार होईपर्यंत थांबावे लागत नाही. परंतु कलम ३७ प्रमाणे सरकारी यंत्रणेकडे दाद मागण्याइतका वेळ हाती असेल, तर हा हक्क उरत नाही. पुढे कधीतरी मारामारी होईल असे वाटत असेल तर तहसीलदारापुढे ‘चॅप्टर केस’ चालते आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, जुन्या बोलीत ‘एकशेसात’ खाली, एक वर्षापर्यंतचे शांततेचे बंधपत्र घेतले जाते. म्हणजे प्रतिबंध गावालाही मान्य आहे. फक्त तो भ्यालेल्या माणसाने स्वतःच्या हाताने करायचा नसतो. राष्ट्रांना तहसीलदार नाही, ही अडचण मात्र खरी आहे आणि प्रतिबंधात्मक युद्धाचे समर्थक तेथूनच सुरुवात करतात.

कल्पना जुनी आहे. अथेन्सची वाढती सत्ता आणि त्यामुळे स्पार्टाला वाटलेली भीती हेच इ. स. पू. ४३१ मध्ये सुरू झालेल्या पेलोपनीशियन युद्धाचे खरे कारण होते, असे थ्युसिडिडीझ या ग्रीक इतिहासकाराने नोंदवले. कौटिल्याच्या मंडलसिद्धांतात विजिगीषू, म्हणजे जिंकू पाहणाऱ्या, राजाच्या सीमेला लागून असलेला राजा स्वभावतःच ‘अरि’ म्हणजे शत्रू मानला आहे. त्यात कोणाची वृद्धी होते आहे आणि कोणाचा क्षय, यावर संधी (तह) की विग्रह (युद्ध) हे ठरते, न्यायान्यायावर नव्हे. याउलट ह्यूगो ग्रोशियस या डच कायदेपंडिताने १६२५ मध्ये स्पष्ट लिहिले की, शेजाऱ्याचे सामर्थ्य वाढते आहे एवढ्यावरून त्याच्याविरुद्धचे युद्ध न्याय्य ठरत नाही. त्याचा हेतूही सिद्ध झाला पाहिजे. एमेर द व्हात्तेल या स्विस कायदेपंडिताने १७५८ मध्ये ही अट थोडी सैल केली आणि वाढत्या सामर्थ्याला अन्यायाची किंवा हावरेपणाची जोड दिसली तर शेजाऱ्यांनी वाट पाहू नये, असे मत दिले.

या युक्तिवादाचे एक फार बोलके उदाहरण विदर्भाच्या भूमीवरच घडले. १८०३ चे दुसरे इंग्रज–मराठा युद्ध बहुधा पेशव्याने इंग्रजांशी केलेल्या वसईच्या तहाच्या संदर्भात सांगितले जाते, आणि ते बरोबरच आहे. पण गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्ली याने युद्धाचे जे समर्थन मांडले, त्यात फ्रेंचांच्या भीतीला मोठे स्थान होते. दौलतराव शिंदे यांच्या उत्तरेकडील कवायती पलटणी पेराँ या फ्रेंच सेनानीच्या हाताखाली होत्या आणि यमुनाकाठी त्याच्या ताब्यात असलेल्या मुलखाला वेलस्ली चक्क फ्रेंच राज्य म्हणत असे. मे १८०३ पासून इंग्लंड व फ्रान्स यांच्यात युरोपात युद्ध पुन्हा सुरू झाले होते, त्यामुळे ही भीती निव्वळ बनावट होती असे म्हणता येत नाही. ती किती टिकाऊ होती, हे पुढच्या चार महिन्यांनी दाखवले. ऑगस्टमध्ये युद्ध सुरू झाले आणि सप्टेंबरच्या सुरुवातीलाच पेराँ शिंद्यांची चाकरी सोडून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. २३ सप्टेंबरला असईच्या रणांगणावर शिंद्यांच्या पलटणींचे नेतृत्व पोलमान याच्याकडे होते. तो हॅनोव्हरचा, म्हणजे खुद्द इंग्लंडच्या राजाच्या वडिलोपार्जित मुलखातला होता. ज्या फ्रेंच धोक्यासाठी तलवार उपसली, तो अशा रीतीने दूर झाला, तरी तलवार म्यान झाली नाही.

ती वऱ्हाडात आली. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात, अडगाव आणि सिरसोली यांच्यामधल्या सपाट रानात, गव्हर्नर जनरलचा भाऊ आर्थर वेलस्ली याने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजांचा पराभव केला. पाठोपाठ कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने जड तोफा मेळघाटाच्या डोंगरवाटांनी ओढत गाविलगडाच्या उत्तर बाजूला नेल्या आणि १५ डिसेंबरला किल्ला पडला; किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, अचलपूरजवळच्या देवगाव येथे दुसऱ्या रघूजी भोसल्यांशी तह झाला आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगाव येथे शिंद्यांशी. चिखलदऱ्याला जाणारे पर्यटक गाविलगडाच्या तटावरून दरी पाहून परततात; आंतरराष्ट्रीय राजकारणातील एका जुन्या प्रश्नाचा निकाल त्या तटाखाली लागला होता, याची खूण तेथे सहसा कोणी शोधत नाही.

देवगावच्या तहाची कलमे या नोंदीच्या दृष्टीने लढाईपेक्षा महत्त्वाची आहेत. इंग्रजांशी युद्ध चालू असलेल्या कोणत्याही परकी राष्ट्राचे लोक भोसल्यांनी चाकरीत ठेवू नयेत, असे एक कलम त्यात आहे. भीती खरी होती असे धरले, तर तेवढ्या कलमाने काम भागायला हवे होते. प्रत्यक्षात बालासोरसह कटक प्रांत कंपनीने घेतला, त्यामुळे बंगाल आणि मद्रास हे तिचे दोन इलाखे जमिनीने जोडले गेले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड निजामाला मिळाला. आणि भोसल्यांकडे गाविलगड व नरनाळा हे किल्ले लगतच्या थोड्या मुलखासह राहिले. प्रतिबंधात्मक म्हणवल्या गेलेल्या युद्धाची परीक्षा युद्धाआधीच्या जाहीरनाम्यावर न करता युद्धानंतरच्या तहावर करावी, ही कसोटी प्रस्तुत लेखकाला म्हणूनच सर्वांत भरवशाची वाटते. भीतीला लागेल तेवढेच घेतले, की भीतीच्या नावावर वावरही घेतले, हे तेथे कळते.

कायद्यातील प्रचलित कसोटी एका लहानशा प्रकरणातून आली. २९ डिसेंबर १८३७ च्या रात्री कॅनडातील ब्रिटिश तुकडीने बंडखोरांना रसद पुरवणारी ‘कॅरोलाइन’ ही अमेरिकन आगबोट अमेरिकेच्या किनाऱ्यावर धरली, तिला आग लावली आणि नायगाराच्या प्रवाहात सोडून दिली. त्यावरील पत्रव्यवहारात अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डॅनिएल वेब्स्टर यांनी १८४१ मध्ये अशी अट मांडली की, स्वसंरक्षणाची गरज तत्काळ व अनिवार असली पाहिजे, दुसरा मार्ग निवडण्यास वाव आणि विचार करण्यास वेळच उरलेला नसला पाहिजे. आगाऊ हल्ला या अटीत कसाबसा बसतो. प्रतिबंधात्मक युद्ध व्याख्येनेच तिच्याबाहेर राहते, कारण अनेक वर्षांनंतरच्या धोक्याबाबत विचाराला वेळ नव्हता असे कोणालाच म्हणता येत नाही.

१९४५ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सनदेने अनुच्छेद २(४) मध्ये बळाच्या वापरावर बंदी घातली आणि अनुच्छेद ५१ मध्ये सशस्त्र हल्ला झाल्यास स्वसंरक्षणाचा हक्क राखून ठेवला. हल्ला होण्याच्या बेतात असला तर काय, यावर कायदेपंडितांत आजही दुमत आहे. हल्ल्याची केवळ शक्यता असेल तर मात्र मतभेद फारसा नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्गच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणासमोर जर्मन आरोपींनी एप्रिल १९४० च्या नॉर्वेवरील आक्रमणाचे समर्थन याच भाषेत केले होते : आम्ही गेलो नसतो तर दोस्त राष्ट्रे गेली असती. न्यायाधिकरणाने १९४६ मध्ये कॅरोलाइनच्या कसोटीचा आधार घेऊन तो बचाव फेटाळला. शिवाय, धोका होता की नाही हे ठरवण्याचा अधिकार एकट्या आक्रमकाचाच आहे, हा दावाही त्याने अमान्य केला. पारावरच्या म्हाताऱ्याचा प्रश्न येथे न्यायपीठावरून विचारला गेला.

अलीकडची उदाहरणे एका साच्यात बसत नाहीत. मे १९६७ मध्ये इजिप्तने संयुक्त राष्ट्रांचे सैन्य सिनाईतून घालवले, तिरानची सामुद्रधुनी बंद केली आणि ५ जूनला इस्राएलने पहिला वार केला. याला पुष्कळजण आगाऊ हल्ला मानतात, काहीजण मानत नाहीत. तहाच्या कसोटीवर त्याचेही दोन तुकडे पडतात : सिनाई १९८२ पर्यंत परत दिले गेले, जॉर्डन नदीचा पश्चिम किनारा आणि सीरियाचे गोलान दिले गेले नाहीत. ७ जून १९८१ रोजी इस्राएलने इराकची ओसिराक अणुभट्टी उद्ध्वस्त केली, तेव्हा सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ एकमताने संमत करून निषेध केला. मार्च २००३ मध्ये अमेरिका व ब्रिटन यांनी इराकवर केलेली चढाई आगाऊ हल्ल्याचे नाव घेऊन आली, पण तिचे तर्कशास्त्र प्रतिबंधात्मक युद्धाचे होते. ज्या महासंहारक शस्त्रसाठ्यांसाठी ती झाली, ते सापडले नाहीत. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण करताना नाटोचा पूर्वेकडील विस्तार आणि अनुच्छेद ५१ या दोहोंचा आधार सांगितला. आमसभेने २ मार्चला १४१ मतांनी त्याचा निषेध केला, भारत तटस्थ राहिला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला रशियाने युक्रेनचे चार प्रांत आपल्यात सामील करून घेतल्याचे जाहीर केले. देवगावच्या तहाची आठवण येथे आल्यावाचून राहत नाही.

समर्थनाची बाजू दुबळी आहे असे मात्र नाही. तिचा सर्वांत भक्कम दाखला १९३६ चा दिला जातो : हिटलरने ७ मार्चला जर्मनीच्याच, पण सैन्य ठेवण्यास मनाई असलेल्या ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य घुसवले तेव्हाच फ्रान्सने त्याला हटवले असते, तर पुढचा संहार टळला असता. हा दाखला ऐकणाऱ्याला गप्प करतो, पण तो नेमका जागेवर बसत नाही. ऱ्हाइनलँडमध्ये सैन्य नेणे हा व्हर्सायच्या आणि लोकार्नोच्या करारांचा उघड भंग होता; त्यामुळे फ्रान्सची कारवाई अंदाजावर नव्हे, तर घडलेल्या आगळिकीवर उभी राहिली असती. शिवाय हा निवाडा आपण मागचे सारे ठाऊक असताना करतो. टळलेले युद्ध पुराव्यादाखल दाखवता येत नाही, तसे न झालेले आक्रमणही दाखवता येत नाही, आणि प्रतिबंधात्मक युद्ध पुकारणाऱ्याला नेमका याचाच फायदा मिळतो.

सर्वच युद्ध नाकारणारी भूमिकाही विदर्भातूनच जगापुढे आली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबा भावे यांनी पहिले वैयक्तिक सत्याग्रही म्हणून युद्धाला माणसे किंवा पैसा देऊ नये असे जाहीर भाषण केले. तेव्हा समोरचा शत्रू नाझी जर्मनी होता, म्हणून ही भूमिका सोपी नव्हती.

भारताच्या अधिकृत भाषेत या कल्पनेचा जवळचा शब्द २६ फेब्रुवारी २०१९ रोजी आला. पाकिस्तानातील बालाकोटच्या हवाई कारवाईचे वर्णन परराष्ट्र सचिवांनी ‘बिगरलष्करी आगाऊ कारवाई’ असे केले, आणि तीत मुलूख ताब्यात घेण्याचा भाग नव्हता. याच दोन शेजाऱ्यांनी ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला नवी दिल्ली आणि इस्लामाबाद येथे आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांच्या हाती दिल्या जातात, आणि कारगिलच्या किंवा बालाकोटच्या पुढच्या जानेवारीतही त्या दिल्या गेल्या.