कळा खऱ्या की खोट्या? एका चाचणीची पार्श्वभूमी

सातव्या महिन्यात पोट राहून राहून कडक होतं, कंबर भरून येते. करमाळ्याहून किंवा माळशिरसहून अशा बाईला सोलापूरला पाठवायचं तर शंभरावर किलोमीटरचा रस्ता. पाठवावं की तिथंच ठेवून वाट बघावी, हा पेच डॉक्टरांना आजही पडतो. त्यावरच्या चाचण्यांची, विशेषतः फीटल फायब्रोनेक्टिन या चाचणीची, गोष्ट सुरू होते एका इंजेक्शनापासून.

१९६९ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमध्ये प्रसूती कशी सुरू होते ते शोधत होते. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं, ते फार लवकर जन्मलं. जगायला नको होतं, पण श्वास घेत होतं! पुढे बालरोगतज्ज्ञ रॉस हॉवींसोबत त्यांनी गरोदर स्त्रियांवर अभ्यास केला. १९७२ साली तो प्रसिद्ध झाला: आईला स्टेरॉइड दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात.

अडचण वेळेची होती. इंजेक्शनाचा पुरेपूर फायदा साधारण एक ते सात दिवसांत बाळंतपण झालं तरच. आणि कळा येतात म्हणून आलेल्या बहुतेक जणी आठवडाभरात बाळंत होतच नाहीत.

१९९१ मध्ये चार्ल्स लॉकवुड आणि सहकाऱ्यांनी फीटल फायब्रोनेक्टिनकडे लक्ष वेधलं. गर्भाची आवरणं गर्भाशयाला धरून ठेवणारं हे प्रथिन २४ ते ३४ आठवड्यांत योनीच्या स्रावात सहसा सापडत नाही; सापडलं तर चाचणी पॉझिटिव्ह, नाही तर निगेटिव्ह. नमुना आतून हाताने तपासण्याआधीच घ्यावा लागतो. रक्त जात असेल किंवा आदल्या दिवशी संबंध आला असेल तर निकालावर भरवसा नाही. चाचणीची खरी ताकद तिच्या ‘नाही’त आहे. निगेटिव्ह आली तर आठवडाभरात बाळंतपण होण्याची शक्यता फारच कमी. पॉझिटिव्ह आलेल्याही बऱ्याच जणी पुढे दिवस भरेपर्यंत जातात, हे घरच्यांना सांगायलाच हवं.

दुसरा मार्ग योनीमार्गे सोनोग्राफीचा. गर्भपिशवीचं तोंड ३० मिलिमीटरपेक्षा लांब असेल तर धोका कमी, १५ पेक्षा आखूड असेल तर जास्त. आपल्याकडे मला हाच जवळचा वाटतो. फक्त आधी नीट समजावलं पाहिजे. सोलापूर शहराच्या पूर्व भागात तेलुगूत, अक्कलकोटकडे कन्नडातही.

अंदाज चुकण्याची किंमत २०१५ मध्ये दिसली. नागपूर आणि बेळगावसह सहा देशांत झालेल्या अभ्यासात गावपातळीवर स्टेरॉइडचा वापर वाढवला, तर एकूण नवजात मृत्यू वाढले. इंजेक्शन मिळालेल्या बहुतेक आयांची बाळं लहान नव्हतीच. म्हणून रेफरच्या चिठ्ठीवर पहिल्या सोनोग्राफीची तारीख आणि पिशवीच्या तोंडाची लांबी लिहिलेली असावी.