मार्चमध्ये गुलमर्गला स्कीइंग शिकता येत नाही?

‘चिल्लई कलान संपलं की स्कीइंग संपलं, मार्चमध्ये लेकरांना नेऊन पैसे वाया घालवू नका’ हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे.

चिल्लई कलान म्हणजे २१ डिसेंबरपासूनचे ४० कडाक्याचे दिवस. त्या गारठ्यात बोटं बधिर झालेलं मूल काय शिकणार? गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे मार्चच्या पूर्वार्धात तिथे सहसा पुरेसा बर्फ असतो.

फक्त वेळ सांभाळा. रात्री गोठलेला बर्फ पहाटे काचेसारखा कडक असतो. नवशिक्याचा पाय तिथेच सटकतो. ऊन चढल्यावर वरचा थर मऊ होतो, तेव्हा शिका. दुपारनंतर तोच बर्फ जड, ओला होतो, स्की अडकते आणि गुडघा पिरगळतो. तेव्हा थांबाच. सनस्क्रीन आणि गॉगल विसरू नका, बर्फावरून परतणारं ऊन फार भाजतं.

एप्रिलचं मात्र मी सुचवणार नाही. नवशिक्यांचे सौम्य उतार खालीच आहेत आणि बर्फ आधी तिथलाच वितळतो. ‘वर गोंडोलाने (केबल कारने) अफरवत पर्वतावर जाऊन शिकू’ हा त्यावरचा उपाय नव्हे. ते उतार तीव्र आहेत, हिमस्खलनाचा धोकाही असतो.