खात्यावाचून टॅबलेट: पार्श्वभूमी

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर टॅबलेट घेतला, की अनेकदा दुकानातला मुलगाच तो सुरू करून देतो, गिऱ्हाइकाचा मोबाइल नंबर विचारून गूगलचे खाते उघडतो आणि पासवर्ड पावतीच्या मागे खरडून देतो. ही रीत इतकी रुळली आहे, की खात्यावाचून टॅबलेट चालतच नाही असा समज झाला आहे. तो चुकीचा आहे, पण निराधार नाही.

एप्रिल २०१० मध्ये अमेरिकेत विक्रीला आलेला ॲपलचा पहिला आयपॅड सुरू करण्यासाठी तो तारेने संगणकावरील आयट्यून्स या ॲपलच्याच प्रोग्रॅमला जोडावा लागे. आयपॅडची कार्यप्रणाली असलेल्या आयओएसच्या ऑक्टोबर २०११ मधील ५ व्या आवृत्तीने ती तार काढून टाकली आणि त्याच वेळी आयक्लाउडचे, म्हणजे ॲपलच्या ऑनलाइन साठवणीचे, खाते पुढे केले. अँड्रॉइडच्या २००८ मधील पहिल्या फोनवर तर गूगल खात्याशिवाय पुढेच जाता येत नसे. नंतर खाते न देता पुढे जाण्याची सोय झाली, तरी ॲपचे दुकान, म्हणजे आधीचे अँड्रॉइड मार्केट आणि मार्च २०१२ पासूनचे गूगल प्ले, खातेदारांपुरतेच राहिले. ऑक्टोबर २०११ मध्ये दिल्लीत सादर झालेल्या ‘आकाश’ या सरकारी योजनेतल्या स्वस्त टॅबलेटवर अँड्रॉइड होते, पण हे दुकानच नव्हते, आणि तरीही तो चालत होता (रखडत चालत होता, हे खरे, पण त्याचा दोष तुटपुंज्या प्रोसेसरकडे जातो). २०१० मध्येच सुरू झालेले एफ-ड्रॉइड हे अँड्रॉइड ॲपचे वेगळे भांडार तर आजही कोणतेही खाते न मागता मुक्त सॉफ्टवेअरची (ज्याचा मूळ कोड सर्वांना खुला असतो अशी) ॲप्स देते.

पुढे खात्याला कुलपाचे काम मिळाले. चोरीला आळा बसावा म्हणून २०१३ मध्ये आयओएस ७ ने आणि २०१५ मध्ये अँड्रॉइड ५.१ ने अशी व्यवस्था आणली, की टॅबलेटमधली सारी माहिती परस्पर पुसून काढली तरी तो जुन्याच खात्याची ओळख मागतो. हेतू रास्त होता. पण दुकानात घाईने उघडलेल्या खात्याची पावती हरवली, की खुद्द मालकच दाराबाहेर राहतो. ज्या टॅबलेटला खाते कधी जोडलेच नाही, त्यावर हा प्रसंग येत नाही. त्यावर पीडीएफ वाचणे, तारेने उतरवलेली व्याख्याने ऐकणे आणि ब्राउझर वापरणे सुरळीत चालते. प्लेबाहेरचे ॲप मात्र एपीके फाइलवरून (अँड्रॉइड ॲप ज्या फाइलमधून बसवतात तिच्यावरून), ती कुठून आली हे स्वतः पारखून बसवावे लागते, आणि २०१७ च्या अँड्रॉइड ८ पासून त्याची परवानगी सरसकट न देता फाइल आणणाऱ्या प्रत्येक ॲपला वेगळी द्यावी लागते.