वकिलांची खूण, डॉक्टरांची मोजणी

मेंदूच्या शस्त्रक्रियेच्या क्षेत्रात सर्वाधिक वेळा संदर्भ म्हणून दिल्या गेलेल्या शंभर शोधनिबंधांची यादी पहिल्यांदा बघणाऱ्याचा थोडा विरसच होतो. वरच्या जागा कुठल्यातरी धाडसी शस्त्रक्रियांनी पटकावल्या असतील असं वाटतं, आणि हाती लागतात मोजपट्ट्या. ग्रॅहम टीसडेल आणि ब्रायन जेनेट यांनी १९७४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेली ग्लासगो कोमा स्केल, म्हणजे रुग्ण किती शुद्धीवर आहे हे आकड्यांत सांगण्याची पद्धत. मेंदूतल्या रक्तवाहिनीचा फुगा फुटलेल्या रुग्णांची प्रतवारी करणारा हंट आणि हेस यांचा १९६८चा निबंध. हाडांच्या डॉक्टरांकडे गेलं तरी तोच प्रकार. खुब्याच्या सांध्याला गुण देणारा हॅरिस यांचा १९६९चा निबंध आणि उघड्या जखमेसह झालेल्या फ्रॅक्चरचं गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली केलेलं वर्गीकरण. मानसोपचारात हॅमिल्टन यांची नैराश्य मोजणारी १९६०ची प्रश्नावली.

यात गूढ काही नाही. खुब्याच्या सांध्यावर कुणी काहीही संशोधन केलं, तरी ‘रुग्ण आधी कसा होता, नंतर कसा झाला’ हे सांगायला मोजपट्टी लागते, आणि ती वापरली की मूळ निबंधाचा संदर्भ द्यावाच लागतो. निष्कर्ष हो असो वा नाही, मोजपट्टीच्या खात्यात एक संदर्भ जमा होतोच.

अशा ‘टॉप १००’ याद्या आता वैद्यकाच्या जवळजवळ प्रत्येक शाखेत निघाल्या आहेत. त्यांच्यासाठी रुग्ण लागत नाहीत, प्रयोगशाळा लागत नाही. एक डेटाबेस आणि चिकाटी पुरते. त्यांच्या वाढत्या संख्येमागे हेही एक कारण असावं असा माझा संशय आहे. पण मोजदादीची मूळ कल्पना मात्र गंभीर होती, आणि ती आली वकिलांकडून.

अमेरिकी न्यायालयात जुन्या निकालाचा आधार घेऊन युक्तिवाद करायचा, तर तो निकाल अजून टिकून आहे की वरच्या न्यायालयाने फिरवलाय, हे आधी बघावं लागतं. त्यासाठी फ्रँक शेपर्ड यांनी १८७३ साली एक सूची सुरू केली. एखाद्या निकालाचा पुढे कुठल्या कुठल्या खटल्यात उल्लेख झाला ते तिच्यात सापडे, आणि त्या उल्लेखाशेजारी एक खूण असे : निकाल मान्य केला, की इथे लागू होत नाही म्हणून वेगळा ठरवला, की उलटवला. युजीन गार्फील्ड यांनी ही पद्धत विज्ञानात आणायचं ठरवलं. १९५५ साली ‘सायन्स’ नियतकालिकात त्यांनी ती मांडली, तेव्हा त्यांचा एक हेतू असा होता की खोट्या, अपुऱ्या किंवा कालबाह्य माहितीचा चिकित्सेविना संदर्भ देणं थांबावं. जुन्या निबंधावर पुढे कुणी टीका केली असेल, तर ती अभ्यासकाला कळावी. १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ प्रत्यक्षात आला. कोणी कोणाचा संदर्भ दिला ते त्यात सापडू लागलं. शेपर्डच्या सूचीतली ती शेजारची खूण मात्र आली नाही.

खूण नसली की उरते फक्त बेरीज, आणि बेरजेवर मग सगळं उभं राहिलं. नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे आधीच्या दोन वर्षांतल्या त्याच्या निबंधांना चालू वर्षात मिळालेली सरासरी संदर्भसंख्या. सरासरी किती फसवते ते कॅन्सरवरच्या एका नियतकालिकाकडे बघून कळतं. २०२० साली त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर ५००च्या वर गेला, तेव्हा ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’सारखं नामांकित नियतकालिक नव्वदीच्या घरात होतं. कारण ते कॅन्सरची वार्षिक आकडेवारी छापतं, आणि कॅन्सरवर लिहिणारा जो तो पहिल्याच परिच्छेदात ती उद्धृत करतो. संशोधकासाठी २००५ साली हॉर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने एच-इंडेक्स काढला : किमान वीस-वीस संदर्भ मिळालेले वीस निबंध असतील, तर निर्देशांक वीस. सोपा आहे म्हणून लोकप्रिय झाला. पण कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाची हृदयरोगतज्ज्ञाशी तुलना त्याने करू नये; ज्या शाखेत लिहिणारे जास्त, तिथे संदर्भही जास्त.

यावरचा त्यातल्या त्यात शहाणा उपाय अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २०१६ साली सुचवला. एखाद्या निबंधाचा संदर्भ जिथे येतो, तिथे त्याच्या सोबतीने आणखी कोणते निबंध येतात ते बघायचं. तेच त्याचे शेजारी. मग तुलना सगळ्या वैद्यकाशी न करता या शेजाऱ्यांशी करायची. दुसरा एक निर्देशांक असं विचारतो की नंतरच्या लोकांनी तुमचा संदर्भ देताना तुमच्या आधीच्यांचा देणं सोडलं का? सोडलं असेल तर तुम्ही वाट बदललीत, नाहीतर जुन्याच वाटेवर भर घातलीत.

तरी काही निबंध कुठल्याच जाळ्यात सापडत नाहीत. क्ष-किरणांचा वापर करणारा कुठलाही डॉक्टर आज राँटगेन यांच्या १८९५च्या निबंधाचा संदर्भ देत नाही. शोध इतका मुरतो की त्याचा धनी विसरला जातो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी याला सामावून जाण्यातून पुसलं जाणं म्हटलं होतं.

याच्या नेमकं उलट उदाहरण वेदनाशास्त्रात आहे. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये बॉस्टनहून आलेलं पाच वाक्यांचं एक पत्र छापलं गेलं. इस्पितळात दाखल असलेल्या ११,८८२ रुग्णांना अफूवर्गीय वेदनाशामक औषध निदान एकदा तरी मिळालं होतं. व्यसनाचा पूर्वेतिहास नसलेल्यांमध्ये व्यसन जडल्याच्या नीट नोंदलेल्या घटना त्यात फक्त चार आढळल्या. बस, एवढंच. किती मात्रा, किती दिवस, घरी गेल्यावर काय झालं, यातलं काहीही त्यात नव्हतं. पण १९९०च्या दशकात नवी अफूवर्गीय औषधं बाजारात आली आणि या पत्राचे संदर्भ भराभर वाढले.

२०१७ साली काही संशोधकांनी कंटाळवाणं पण मोलाचं काम केलं. या पत्राचा संदर्भ देणारे ६०८ लेख शोधून, प्रत्येकात ते कशासाठी आणलंय ते वाचलं. म्हणजे शेपर्डची हरवलेली खूण त्यांनी हाताने परत लावली. ४३९ लेखांत, म्हणजे ७२ टक्क्यांत, ते ‘या औषधांचं व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून दिलं होतं. हे रुग्ण इस्पितळातले होते एवढी साधी गोष्ट ४९१ लेखांनी सांगितलीच नव्हती. तोवर अमेरिकेत या औषधांच्या अतिसेवनाने लाखाहून अधिक माणसं दगावली होती.

नियतकालिकाने मग त्या जुन्या पत्रावर एक सूचना चिकटवली : व्यसन क्वचितच लागतं याचा पुरावा म्हणून या पत्राचा प्रचंड आणि चिकित्सेविना संदर्भ दिला गेला आहे, याची वाचकांनी नोंद घ्यावी. ‘चिकित्सेविना’ हा शब्द गार्फील्ड यांच्या १९५५च्या लेखातही आहे. आणि ६०८ लेखांची ती छाननी ज्या लेखात छापून आली, त्याच्याही संदर्भसूचीत हे पत्र अर्थातच आहे. गणतीत आणखी एकाची भर.