डबल मार्कर चाचणी

गर्भारपणाच्या ११ आठवड्यांपासून १३ आठवडे ६ दिवसांपर्यंतच्या काळात आईच्या रक्तातले दोन पदार्थ मोजून गर्भात गुणसूत्रांचा दोष असण्याची शक्यता वर्तवणारी चाचणी. पॅप-ए हे प्रथिन आणि मुक्त बीटा-एचसीजी हे संप्रेरक, असे हे दोन पदार्थ. दोन्ही बाळ तयार करत नाही, वार (प्लॅसेंटा) तयार करते. चाचणीला मराठी नाव देण्याचे प्रयत्न झाले असतील, पण पुण्यातल्या प्रसूतिगृहांत डॉक्टर, सिस्टर आणि पोटुशीची सासू सगळ्याच ‘डबल मार्कर’ म्हणतात, म्हणून नोंदीलाही तेच नाव.

रक्त एनटी स्कॅनच्या आसपासच घेतात. या सोनोग्राफीत गर्भाच्या मानेमागील द्रवाची जाडी मोजतात. त्यासाठी गर्भाची डोक्यापासून ढुंगणापर्यंतची लांबी ४५ ते ८४ मिलिमीटर असावी लागते. डाउन सिंड्रोममध्ये (२१व्या गुणसूत्राची तिसरी प्रत) पॅप-ए साधारणपणे कमी आणि बीटा-एचसीजी जास्त आढळते. एडवर्ड्स सिंड्रोममध्ये (१८व्या गुणसूत्राची तिसरी प्रत) दोन्ही कमी. आईचे वय, स्कॅन आणि रक्त यांचा एकत्र हिशेब केला, तर डाउन सिंड्रोमच्या १००पैकी सुमारे ८५ ते ९० गर्भधारणा हाती लागतात. त्या बदल्यात निरोगी गर्भ असलेल्या १००पैकी सुमारे ५ जणींना विनाकारण धास्ती मिळते.

ही चाळणी आहे, निदान नव्हे. पीठ चाळताना वर राहते ते सगळेच कोंडा नसते आणि खाली पडलेल्यातही एखादा खडा निघतो. रिपोर्टवर ‘१:१८०’ आले आणि प्रयोगशाळेची सीमारेषा १:२५० असली, की शेजारी ‘हाय रिस्क’ छापले जाते. त्याचा अर्थ एवढाच, की असाच रिपोर्ट आलेल्या १८० जणींपैकी १७९ जणींच्या बाळाला तो दोष नसतो. हे वाक्य रिपोर्टवर कुणी छापत नाही. ते छापले, तर कित्येक घरांतली एक रात्र तरी सुखाची जाईल.

आकडा येतो कसा, हे समजून घेण्यासारखे आहे. रक्तातले प्रमाण जसेच्या तसे वापरत नाहीत. त्याच आठवड्यातल्या गर्भवतींच्या मध्यकाशी त्याची तुलना करून ते मध्यकाच्या किती पट आहे हे काढतात. या पटीला एमओएम म्हणतात. पॅप-ए आठवड्यागणिक झपाट्याने वाढते. त्यामुळे पाळीची तारीख चुकीची सांगितली आणि गर्भ प्रत्यक्षात आठवड्याने लहान निघाला, तर पॅप-ए उगीचच कमी दिसते. म्हणूनच गर्भाचे वय स्कॅनवरून ठरवतात. वजनाचेही तसेच. स्थूल बाईच्या शरीरात रक्त जास्त, म्हणून पदार्थ त्यात विरळ होतो. मधुमेह, टेस्ट ट्यूबने राहिलेला गर्भ, जुळे, धूम्रपान, वंश या सगळ्यांसाठी आकड्यात दुरुस्ती करावी लागते. कलेक्शन सेंटरवर फॉर्म भरताना वजनाच्या रकान्यात अंदाजे आकडा टाकणे ही म्हणूनच क्षुल्लक हयगय नव्हे. काट्यावर उभे राहायला अर्धा मिनिट लागतो.

या चाचणीचा दुसरा उपयोग कमी बोलला जातो. गुणसूत्रे ठीक असूनही पॅप-ए ०.४ एमओएमच्या खाली असेल, तर वार नीट रुजली नसण्याची शंका घेतात. पॅप-ए हे विकर (एन्झाइम) आहे. वाढीला लागणारे आयजीएफ एका प्रथिनाने बांधून ठेवलेले असते, ते पॅप-ए मोकळे करते. ते कमी पडले तर बाळाची वाढ खुंटणे, आईचा रक्तदाब वाढणे, दिवस भरण्याआधी प्रसूती होणे यांची शक्यता वाढते. तरीही पॅप-ए कमी असलेल्या बहुतेक जणींचे बाळंतपण सुरळीतच होते. एकट्या पॅप-एवरून भविष्य सांगता येत नाही. मात्र पुढच्या महिन्यांत वाढीचे स्कॅन अधिक वेळा करावेत, एवढा इशारा त्यातून मिळतो.

गर्भारपणातील रक्तदाबविकाराचा (प्रीएक्लॅम्पसिया) अंदाज बांधण्यासाठी पीएलजीएफ हे वारेचे आणखी एक प्रथिन, आईचा रक्तदाब आणि गर्भाशयाच्या रोहिणीचा डॉप्लर (रक्तप्रवाह मोजणारी सोनोग्राफी) यांची जोड देतात. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत असा धोका दिसलेल्या स्त्रियांना ११ ते १४ आठवड्यांपासून रोज रात्री १५० मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले. ३७ आठवड्यांआधीच्या प्रीएक्लॅम्पसियाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर आले. इथे चाळणीतून नुसती भीती हाती येत नाही, एक स्वस्त गोळी येते.

गर्भारपणातल्या रक्तावरून पुढचे वर्तवण्याच्या कामात पुण्याचे स्वतःचे योगदान आहे, तेही महागड्या मार्करविना. रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत ‘पुणे मॅटर्नल न्यूट्रिशन स्टडी’ सुरू केली. १८व्या आठवड्यात तपासलेल्या सुमारे दोन तृतीयांश मातांमध्ये बी-१२ कमी निघाले. फोलेट मात्र जवळजवळ कुणाचेच कमी नव्हते. बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मातांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती सर्वाधिक दिसली. बी-१२ कमी पडले की रक्तात वाढणारे होमोसिस्टीन जास्त असलेल्या मातांची बाळे लहानखुरी जन्मण्याची शक्यताही अधिक होती. डबल मार्करला हजारो रुपये मोजणाऱ्या घरात बी-१२ची तपासणी राहून जाते, हे पुण्यात तरी शोभत नाही.

तितकीच दुर्लक्षित तपासणी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची. फाळणीनंतर पिंपरी कॅम्पात सिंधी समाज वसला आणि बीटा थॅलेसेमियाचे वाहक या समाजात जास्त आढळतात. मात्र वाहक सर्वच समाजांत असतात. आईचे एचबीए-२ (हिमोग्लोबिनचा एक प्रकार) सुमारे ३.५ टक्क्यांच्या वर असेल, तर नवऱ्याचे रक्त लगेच तपासावे लागते. दोघेही वाहक असले, तर प्रत्येक गर्भात आजाराची शक्यता २५ टक्के.

डबल मार्करमध्ये धोका जास्त दिसला, तर पुढे दोन वाटा. एक एनआयपीटी, म्हणजे आईच्या रक्तातला गर्भाचा डीएनए तपासणे. असा डीएनए तिथे तरंगत असतो, हे संशोधक डेनिस लो यांनी सहकाऱ्यांसह १९९७ मध्ये दाखवले. डाउन सिंड्रोमच्या ९९ टक्के गर्भधारणा ही चाचणी ओळखते. पण तो डीएनएही मुख्यतः वारेचाच, म्हणून तीही चाळणीच. पक्के निदान वारेचा तुकडा (११ ते १४ आठवडे) किंवा गर्भजल (१५ आठवड्यांनंतर) तपासूनच होते. एनआयपीटीत लिंग कळू शकते, पण भारतात ते सांगणे गुन्हा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्धचा देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला आणि केंद्राचा १९९४ मध्ये आला.

गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने गर्भपात करता येतो. गर्भात गंभीर व्यंग असल्याचे वैद्यकीय मंडळाने ठरवले, तर ठरावीक स्त्रियांसाठी असलेली २४ आठवड्यांची मर्यादाही लागू होत नाही. गुणसूत्रांच्या पूर्ण तपासणीला दोन-तीन आठवडे जातात, हे धरून तारखा मोजाव्या लागतात.

उशिरा नाव नोंदवणाऱ्यांसाठी १५ ते २० आठवड्यांत चार पदार्थ मोजणारे क्वाड्रपल मार्कर असते. त्यातले एएफपी हे प्रथिन मणक्याच्या उघड्या दोषाची चाहूल देते. डबल मार्कर ती देत नाही. त्यामुळे ते नॉर्मल आले म्हणून १८ ते २० आठवड्यांचा ॲनॉमली स्कॅन (गर्भातली व्यंगे शोधणारी सोनोग्राफी) चुकवता येत नाही.