टीव्हीखालची काळी पट्टी: दिवा की डोळा?

दिवाळीच्या संध्याकाळी वहिनींनी शोकेसमध्ये, टीव्हीला लागूनच, एक पणती ठेवली आणि आमच्या वीचा, म्हणजे रिमोट हलवून खेळायच्या निन्टेन्डोच्या व्हिडिओ गेमचा, पडद्यावरचा हाताचा पंजा पिसाळला. बोट दाखवावं एकीकडे, तर पंजा उड्या मारतोय दुसरीकडे. पुतण्याने रिमोट झटकला, सेल बदलले, शेवटी 'मशीन गेलं' असा निकालही देऊन टाकला. वहिनींनी वात सारखी करायला पणती उचलली, तेव्हा पंजा आपोआप जाग्यावर आला.

वडगावातल्या आमच्या घरात अशी दोन यंत्रं आहेत. निन्टेन्डोचा वी मामांनी बोटीवर असताना आणलेला. मायक्रोसॉफ्टचं गेमचं यंत्र एक्सबॉक्स ३६० आणि त्याला जोडायचा किनेक्ट पुतण्याने बंगळुरूहून सेकंडहँड उचललेला. दोन्हींची एकेक काळी पट्टी टीव्हीपाशी असते, दोन्हींसमोर माणसं हातवारे करतात. त्यामुळे येणारा-जाणारा दोन्हींना एकच समजतो: "ते कॅमेऱ्यात बघून खेळायचं न्हवं का?" किनेक्टपुरतं हे खरं आहे. वीच्या बाबतीत अगदी उलटं आहे.

वी २००६ च्या नोव्हेंबरात बाजारात आला. त्याच्या पट्टीला 'सेन्सर बार' म्हणतात, आणि सगळा घोळ या नावानेच केलाय. त्या पट्टीला काहीही कळत नाही. वीतभर प्लास्टिक, दोन्ही टोकांना डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड उजेड टाकणारे बारीक दिवे, बस्स. तिची वायर मशीनला जाते ती फक्त करंट घ्यायला. डोळा आहे तो रिमोटच्या काळ्या नाकात. तिथला छोटा कॅमेरा समोर दोन ठिपके शोधतो आणि ते कुठे दिसतात, किती अंतरावर आणि किती तिरके दिसतात, यावरून रिमोट कुठे रोखलाय ते ठरवतो. पणतीच्या ज्योतीतही इन्फ्रारेड भरपूर असतं. रिमोटला दोनाऐवजी तीन ठिपके दिसले, आणि बिचारा गोंधळला.

मग आम्ही उलटा प्रयोग केला. पट्टीची वायर काढली आणि देवघरातली दोन निरांजनं वीतभर अंतराने टीव्हीपुढे लावली. पंजा सुरळीत चालला. आज्जीने निरांजनं परत मागितली, म्हणून प्रयोग तेवढ्यावरच थांबला.

पण हा सगळा कारभार फक्त रोखण्यापुरता. टेनिसची बॅट फिरवता तेव्हा कॅमेऱ्याचा संबंध नसतो. रिमोटच्या पोटात एक चिप असते, तिला तिन्ही दिशांचे झटके कळतात. हात कुठे आहे हे तिला ठाऊक नाही, हाताला हिसका बसला एवढंच ठाऊक. म्हणून आमचे दादा सोफ्यावर आडवे पडून, एका हातात चहाची बशी सांभाळत, नुसत्या मनगटाच्या झटक्यावर मॅच जिंकतात. पोरं घामाघूम होऊन हरतात. ती याला लबाडी म्हणतात. माझ्या मते दादांना यंत्र समजलंय. २००९ मध्ये निन्टेन्डोने रिमोटला मागून जोडायचा मोशनप्लस आणला, त्यातल्या गायरोमुळे मनगटाचा पीळही कळायला लागला. पण त्याआधीच्या, आम्ही खेळतो त्या टेनिसच्या गेमला त्याचा काही उपयोग नाही.

बोलिंगची गोष्ट सांगायलाच हवी. रिमोटच्या खालचं बटण दाबून धरायचं, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचं, की चेंडू सुटला. आज्जीने पदर खोचला, बटण दाबलं, हात झोकात मागे नेला. "आज्जी, सोड! आता सोड!" पोरं ओरडली. आज्जीने सोडला. बटण नव्हे, रिमोटच. मनगटात दोरी होती म्हणून तो तिच्याच कोपरावर आपटून लोंबकळत राहिला. "तुम्हीच म्हणालासा की सोड म्हणून," आज्जी म्हणाली, आणि तिचं काही चुकलं नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत जगभर हेच झालं. पातळ दोऱ्या तुटून रिमोट टीव्हीवर जायला लागले, आणि २००६ च्या डिसेंबरातच निन्टेन्डोने सुमारे ३२ लाख दोऱ्या बदलून जाड्या द्यायचं जाहीर केलं.

मायक्रोसॉफ्टचा किनेक्ट २०१० च्या नोव्हेंबरातला. त्याची पट्टी म्हणजे खराच डोळा. तिच्यातून खोलीभर इन्फ्रारेड ठिपक्यांची रांगोळी पडते, आपल्याला न दिसणारी. शेजारचा कॅमेरा ती रांगोळी कुठे कशी वेडीवाकडी झाली ते बघतो आणि त्यावरून कुठला भाग किती लांब आहे ते काढतो. त्या अंतरांतून तो माणसाचा आकार ओळखतो, खांदे, कोपरं, गुडघे धरून वीस जागा पकडतो, तेही सेकंदाला तीस वेळा. तुमच्या हातात काही नसतं, त्यामुळे सोडायचंही काही नसतं.

त्याला जागा मात्र लागते. एकट्याला पट्टीपासून सहा फूट मागे, दोघांना आठ फूट. आमच्या हॉलमध्ये पूर्वी दोन माग होते. ते काढल्यावर जी लांबट खोली रिकामी झाली ती किनेक्टला अगदी मापात बसली. आत्याच्या टिळकवाडीच्या फ्लॅटमध्ये हाच किनेक्ट नेला, तर सोफा बाल्कनीत काढूनही पाठ भिंतीला लागत होती. तिथे वीच बरा. दुपारी पश्चिमेच्या दारातून ऊन आत आलं तरी किनेक्ट आंधळा होतो, कारण उन्हातल्या इन्फ्रारेडमध्ये त्याची रांगोळी बुडून जाते. आम्ही दाराला चादर लावतो.

कपड्यांचंही त्याला कळतं. वहिनींच्या सहावारीत दोन्ही पाय एक होतात, मग पडद्यावरच्या बाहुलीचे गुडघे भलतीकडेच वळतात. काष्ट्याच्या नऊवारीत आज्जीचे पाय मात्र वेगळे दिसतात. त्यामुळे बोलिंगमध्ये हात पोळलेली आज्जी इथे आमच्यात सगळ्यांत पुढे. किनेक्टबरोबर आलेल्या गेममध्ये एक खेळ आहे: पाण्याखालच्या काचेच्या खोलीला मासे आणि खेकडे भोकं पाडतात, ती हातापायांनी बुजवायची. एकाच वेळी डावा हात वर, उजवा पाय बाजूला, डोकं तिसरीकडे. आज्जीला नियम सांगावेच लागले नाहीत. "पावसाळ्यात कौलं गळताना भांडी घेऊन हेच करत होतो की."

याचा तोटा म्हणजे समोरून कोण गेलं तरी किनेक्टला तो माणूसच. सहा जण त्याला दिसतात, पण खेळवतो दोघांनाच. आई चहाचा ट्रे घेऊन मधून गेली की एखादा गडी खेळातून गळतो आणि आईच्या नावाने ओरडा होतो. वीत चार रिमोट, चार माणसं, मधून म्हैस गेली तरी झटके पोचतात, कारण रिमोट ब्लूटूथवर बोलतो. फक्त पंजा रोखताना पट्टी दिसली पाहिजे.

आणखी एक फरक खेळताना जाणवतो. किनेक्टला बोटं दिसत नाहीत, मनगटाचा पीळ कळत नाही, आणि तुम्ही हात हलवल्यावर पडदा किंचित मागून येतो. वीच्या रिमोटला कमरेखालचं काहीच कळत नाही. म्हणून चेंडूफळीचे खेळ मी वीवर खेळतो, नाचाचे आणि उड्यांचे किनेक्टवर. व्यायाम व्हावा म्हणून कोणी वी घेत असेल तर दादांकडे बघून विचार बदलावा.

सोनीचा प्लेस्टेशन मूव्ह या दोघांच्या मधला: हातात कांडी, कांडीच्या टोकाला उजळणारा गोळा, आणि टीव्हीवरचा कॅमेरा त्या गोळ्याला बघतो. निन्टेन्डोच्याच स्विच या यंत्राच्या रिमोटमध्ये, म्हणजे जॉयकॉनमध्ये, झटक्याची चिप आणि गायरो दोन्ही आहेत, आणि त्याला टीव्हीपाशी पट्टी लागतच नाही.

वी आणि किनेक्ट आता सेकंडहँडच मिळतात, तेव्हा घेताना बघायच्या गोष्टीही वेगळ्या. किनेक्ट घेताना एक्सबॉक्स ३६० जुना जाडा आहे का ते बघा. त्याला किनेक्टची पिन नसते, वेगळा करंट देणारा अॅडॉप्टर लागतो, आणि तो नसेल तर किनेक्ट नुसता शोभेचा. वी अमेरिकेतून आलेला असेल तर त्याचा अॅडॉप्टर १२० व्होल्टचा असतो, आपल्या प्लगात थेट घालू नका. शिवाय वीला एचडीएमआय नाही. पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिना घेणारा टीव्ही किंवा कन्व्हर्टर घरात आहे का ते आधी बघा. पट्टी चालू आहे की नाही हे कळायला मोबाइलचा सेल्फी कॅमेरा तिच्यासमोर धरा, बहुतेक फोनवर दोन टोकांना जांभळट ठिपके दिसतात. दिसले नाहीत तर भाव पाडून घ्या. घरी दोन निरांजनं असतीलच.